जुनी पोर्शे घेताय? या चुका टाळा

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांच्या डोळ्यांत हमखास भरणाऱ्या दोन गाड्या म्हणजे पोर्शेची 986 पिढीची बॉक्स्टर आणि 996 पिढीची 911. दोन्ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि 2004-05 च्या सुमारास थांबल्या. आज अमेरिकेत अशी बॉक्स्टर एखाद्या साध्या नव्या गाडीपेक्षाही स्वस्तात मिळते. चालवायला ती अप्रतिम आहे, जरूर घ्या. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, पण सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कमी किलोमीटर पाहून हुरळून जाणं. वीस वर्षांत जेमतेम चाललेली गाडी म्हणजे वीस वर्षं उभी राहिलेली गाडी. तिची रबरी सीलं कडक झालेली असतात आणि कूलंटच्या टाकीचं प्लास्टिक तडकायला आलेलं असतं. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण कडेवरचे चार आकडे वाचा: 1012 असेल तर तो टायर 2012 च्या दहाव्या आठवड्यातला आहे. दरवर्षी ऑइल बदललेली, बिलांची जाड फाईल असलेली, भरपूर चाललेली गाडी मी केव्हाही आधी निवडेन.

आता या गाड्यांचं खरं दुखणं, आयएमएस बेअरिंग. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवणारा एक मधला शाफ्ट इंजिनात असतो, तोच आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट). त्याच्या एका टोकाला बंद, स्वतःचं ग्रीस भरलेलं बॉल बेअरिंग बसवलेलं आहे. काळाच्या ओघात ग्रीस धुऊन जातं, मळकं ऑइल आत शिरतं आणि गोळ्या झिजू लागतात. बेअरिंग तुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच निकामी होतं. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं. 2000 च्या सुमारास आलेलं एकेरी ओळीचं जास्त नाजूक निघालं. अमेरिकेत 2001 ते 2005 च्या गाड्यांवरून ग्राहकांनी सामूहिक दावाही लावला होता, त्यात 2013 मध्ये तडजोड झाली. 996 च्या टर्बो आणि जीटी3 मॉडेलांना ही भीती नाही, त्यांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं.

‘आयएमएसचं काम झालंय’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. बिल मागा. काम कधी झालं, किती किलोमीटरवर झालं, कोणतं बेअरिंग बसवलं, हे त्यावर लिहिलेलं हवं. काम झालेलं नसेल तर पुढची क्लच प्लेट बदलाल तेव्हाच ते करून घ्या, मागचं ऑइल सीलही त्याचबरोबर. गिअरबॉक्स तेव्हा उतरवलेलाच असतो, त्यामुळे मजुरी दोनदा पडत नाही. क्लचचं बिल वाचवायला म्हणून हे पुढे ढकलणं म्हणजे इंजिन पणाला लावणं.

मॅन्युअल गाडी असेल तर गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावून ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याच्या, नोंदी बघा. चुकून खालचा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात, इंजिनाचा वेग रोखणारा लिमिटर तिथे काही करू शकत नाही. ती नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. तपासणी मात्र विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको. पोर्शेवर हात बसलेला स्वतंत्र मेकॅनिक शोधा आणि सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे आहेत का, तेही पाहायला सांगा.

उलटी चूकही होते, ती म्हणजे घाबरून भलतंच काम काढणं. या इंजिनांचे सिलिंडर आडवे असतात. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल साचतं आणि सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो. तो लगेच विरला तर काही बिघडलेलं नाही. पण मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि थांबेना, तर आधी ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफांमधून ऑइल वेगळं करणारा भाग, तपासा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण ओढून निघत नसेल, आत जोरात खेचलं जात असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. इंजिन खोलण्यापेक्षा ते काम पुष्कळ स्वस्त आहे. मात्र तशीच गाडी चालवू नका, सिलिंडरमध्ये ऑइल भरलं तर पिस्टन अडकतो.

तापमानाचा काटा चढू लागला तर पुढच्या बंपरमागचे रेडिएटर बघा. त्यांच्यापुढे पाला अडकून कुजतो. वॉटर पंपातली पाती प्लास्टिकची असू शकतात, ती तुटून तुकडे कूलंटच्या वाटेत फिरतात. नवा पंप बसवताना ते तुकडेही शोधून काढायला सांगा.

बॉक्स्टरच्या छताचं पाणी वाहून नेणारी भोकं पाल्याने तुंबली की पाणी थेट आत उतरतं आणि सीटखाली इमोबिलायझरचं, म्हणजे खऱ्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं, युनिट असतं. मुंबईसारख्या पावसात अशी गाडी ठेवणाऱ्याने मे महिन्यातच ती भोकं साफ करावीत. गालिचा ओला लागला तर चावी फिरवू नका. आधी बॅटरी सोडवा, युनिट बाहेर काढून पूर्ण वाळवा, मगच गाडी सुरू करा.

आणि गाडी घरी आली की पहिल्याच ऑइल चेंजला जुना फिल्टर मेकॅनिककडून मागून घ्या. घड्या उलगडून लोहचुंबक फिरवा. चकचकीत लोखंडी कण चिकटले तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि बेअरिंग तपासल्याशिवाय स्टार्टर मारू नका.