एक बटण, एक फेरी: डबल अ‍ॅक्टिंग सिलेंडरची जोडणी

बटण एकदा दाबलं की सिलेंडरचा रॉड (दांडा) बाहेर जाऊन आपोआप परत यावा, दोन्ही वेळा हवेच्या जोरावर, त्यासाठीची ही जोडणी. ३२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलेंडर, ५/२ (पाच पोर्ट, दोन स्थिती) सिंगल सोलेनॉइड स्प्रिंग रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलने सरकणारा आणि स्प्रिंगने मूळ जागी येणारा, २४ व्होल्ट डीसी. एफआरएलवर (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) दाब ६ बार ठेवा. बाहेर जाताना साधारण ४८० न्यूटन जोर मिळतो, परतताना रॉडच्या जागेमुळे थोडा कमी.

हवा व्हॉल्व्हच्या पोर्ट १ ला. पोर्ट ४ सिलेंडरच्या मागच्या तोंडाला, २ रॉडच्या बाजूला. म्हणजे वीज नसताना रॉड आतच राहतो. ३ आणि ५ ला (हवा बाहेर सोडणारे पोर्ट) सायलेन्सर लावा, पण बूच कधीच नाही.

आता वायरिंग. स्टार्ट बटणाला के१ रिलेचा एनओ (एरवी उघडा) कॉन्टॅक्ट समांतर जोडा, म्हणजे बोट काढलं तरी रिले धरून राहतो. के१ च्या दुसऱ्या एनओवरून सोलेनॉइड चालवा. स्ट्रोकच्या (रॉडच्या धावेच्या) टोकाचा रीड स्विच (चुंबकाने चालणारा) बहुधा एनओ असतो. त्यावर दुसरा रिले के२ घ्या आणि के२ चा एनसी (एरवी बंद) कॉन्टॅक्ट के१ च्या कॉइलच्या लाइनमध्ये सिरीजला घाला. रॉड टोकाला पोचला की के१ सुटतो, रॉड परततो. रीड स्विचवर थेट सोलेनॉइड टाकायचा मोह टाळा, कॉन्टॅक्ट चिकटतात. प्रत्येक डीसी कॉइलवर उलटा डायोड हवाच.

रॉड झटके देत चालतोय? बहुतेक वेळा फ्लो कंट्रोल (हवेचा वेग आवरणारा व्हॉल्व्ह) उलटा बसलेला असतो. येणारी नव्हे, बाहेर पडणारी हवा आवळायची.

रॉड अर्ध्यातूनच परतला तर रीड स्विचचा पट्टा सरकलाय का बघा. मात्र हात घालण्याआधी हवा बंद करून लाइन रिकामी करा, कारण वीज काढली तरी रॉड जोरात आत येतो.