हाडाच्या पेशी सिरॅमिकवर वाढवायला निघालेल्यांसाठी

पीएचडीसाठी बायोमटेरियल्सकडे, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांच्या अभ्यासाकडे, वळणारी मुलं साधारण दोन वाटांनी येतात. काहींना भट्टी कळते, काहींना पेशी. मी धातुशास्त्रातून आले, म्हणजे भट्टीवाली. हायड्रॉक्सीॲपेटाइटची, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या सिरॅमिकची, पावडर दाबून पेलेट (चकती) करायची, १२०० अंशांच्या आसपास सिंटर करायची (न वितळवता भाजून घट्ट करायची), एक्सरे डिफ्रॅक्शनवर फेज (स्फटिकाचा प्रकार) तपासायचा, हे हातातलं काम होतं. त्यावर ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी, सोडल्या की पुढचं सगळं नवं. भट्टीवाल्यांना मी आधी एवढंच सांगते की पेशीची आणि तुमच्या सिरॅमिकची थेट गाठ पडतच नाही.

पेलेट मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, बुडाली की पेशी खाली बसायच्या आतच तिच्यावर सीरममधल्या प्रथिनांचा थर चढतो. त्यातल्या फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशा प्रथिनांना पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरते. पृष्ठभाग किती खडबडीत आहे, त्यावर विद्युतभार कोणता आहे, याचा परिणाम या थरातून पेशीपर्यंत पोचतो. दुसरा मार्ग आयनांचा, आणि खरी गंमत तिथे आहे.

बारीक कणांचं, कमी तापमानाला भाजलेलं हायड्रॉक्सीॲपेटाइट मीडियातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं. पेशींची उपासमार होते आणि आपण अहवालात लिहितो, मटेरियल विषारी. बायोग्लासचं, म्हणजे हाडाशी जोडल्या जाणाऱ्या काचेचं, नेमकं उलट. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात बनवलेल्या ४५एस५ काचेत वजनानं २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड असतं. ते सोडियम बाहेर पडतं, त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आत जातो आणि पीएच चढतो. फिनॉल रेड हा पीएच दाखवणारा रंग घातलेला मीडिया गडद गुलाबी दिसू लागला की समजायचं. शरीरात रक्तप्रवाह हे आयन वाहून नेतो; २४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलमागे जेमतेम एक मिलिलिटर साचलेला मीडिया असतो. म्हणून काच आधी मीडियात भिजवून, तो मीडिया टाकून, मगच पेशी सोडायच्या. पण हीच विरघळणारी काच हाडाला धरते तीही याच गुणामुळे. पृष्ठभागावर सिलिकाचा जेल, त्यावर कॅल्शियम फॉस्फेट आणि शेवटी हाडातल्या खनिजासारखं ॲपेटाइट तयार होतं. झिर्कोनिया, ॲल्युमिना यातलं काहीच करत नाहीत. तिथे पृष्ठभागाच्या घडणीवरच काम करावं लागतं.

पेशी कोणती घ्यायची? एमजी-६३ आणि साओस-२ या हाडाच्या कॅन्सरमधून आलेल्या लाइन्स (लॅबमध्ये सतत वाढवता येणारे पेशींचे वंश). सांभाळायला सोप्या, पण कॅन्सरच्या पेशी वाढणारच. नुसत्या वाढीच्या आकड्यांवर ‘मटेरियल उत्तम’ म्हणणारे पेपर मी तरी गंभीरपणे घेत नाही. एमसी३टी३-ई१ ही उंदराच्या पिल्लाच्या कवटीतून आलेली. तिचा सबक्लोन (उपवंश) ४ खनिज जमवतो, २४ नंबरचा जमवत नाही, तेव्हा मागवताना नंबर बघा. आणि रोजच्या वाढीसाठी अल्फा एमईएम हा मीडिया घ्यायचा तो ॲस्कॉर्बिक ॲसिड नसलेला, नाहीतर पेशी फ्लास्कमध्येच डिफरन्शिएट व्हायला (पक्व हाडपेशी बनायला) लागतात. आपल्याकडे बरेच जण लाइन्स पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) घेतात.

एमटीटीच्या, म्हणजे जिवंत पेशींनी बदललेला रंग मोजण्याच्या चाचणीच्या, दिवशी पेलेट आधी नव्या वेलमध्ये हलवा. बऱ्याच पेशी निसटून खालच्या प्लास्टिकवर पडलेल्या असतात आणि प्लास्टिक त्यांना भलतंच आवडतं. ५७० नॅनोमीटरवर येणारा आकडा पेशींच्या चयापचयाचा आहे, संख्येचा नव्हे, हेही डोक्यात असू द्या. पेलेट अपारदर्शक, त्यामुळे खालून बघणाऱ्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली काही दिसणार नाही. फॅलॉइडिन (पेशीचा सांगाडा दाखवणारा) आणि डॅपी (केंद्रक दाखवणारा) या चमकणाऱ्या रंगांनी रंगवून पेलेट उलटी ठेवून बघायची.

सर्वात फसवा प्रकार खनिज जमलं का ते दाखवणाऱ्या अलिझारिन रेडचा. हा रंग कॅल्शियमला बसतो आणि हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये वजनानं सुमारे ४० टक्के कॅल्शियमच असतं. एकही पेशी नसलेली पेलेट लालभडक होते! म्हणून पेशींविना एक पेलेट त्याच मीडियात, तितकेच दिवस ठेवायचीच. शिवाय मीडियात आपण बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घातलेलं असतं. पेशींचं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम त्याचा फॉस्फेट सुटा करतं, आणि तो जास्त झाला की हाडाशी संबंध नसलेलं कॅल्शियम फॉस्फेटही खाली बसतं. ऑस्टिओकॅल्सिन, कोलॅजेन-१ या हाडाच्या प्रथिनांची क्यूपीसीआर (जनुकं किती चालू आहेत ते मोजणारी चाचणी) जोडीला असेल तरच मी त्या लाल फोटोवर विश्वास ठेवते.

जपानी शास्त्रज्ञ कोकुबो यांच्या सिम्युलेटेड बॉडी फ्लुइडचंही, म्हणजे रक्तद्रवासारखे आयन असलेल्या कृत्रिम द्रवाचंही, असंच. त्यात ॲपेटाइट जमलं म्हणजे पेशींना मटेरियल मानवलं असं होत नाही. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवर त्या द्रवात सहसा ॲपेटाइट जमत नाही, तरी ते हाडाशी व्यवस्थित जोडलं जातं.

लॅब निवडताना त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनाल ही वैद्यकीय संस्था, कोलकात्याचं सीजीसीआरआय (केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था) ही नावं तुम्ही ऐकालच. जागा कुठलीही असो, मुलाखतीला गेलात की सेल कल्चर रूम लॅबची स्वतःची आहे की दुसऱ्या विभागाकडून मागून घ्यावी लागते, ते विचारा. खनिजीकरणाचा प्रयोग २१ ते २८ दिवस चालतो, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलावा लागतो, आणि किल्ली दुसऱ्याकडे असली की दिवाळीच्या सुट्टीत प्लेट इन्क्युबेटरमध्येच अडकते. कॅलेंडर बघून पेशी सोडा.