हजेरीपटाची जनसुनवाई कशी घ्यावी

अरुणा रॉय यांनी १९७५ मध्ये आयएएसची नोकरी सोडली; १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. जनसुनवाई म्हणजे सरकारी कामाच्या नोंदी गावासमोर वाचून लोकांकडूनच त्यांची खातरजमा करणं; या संघटनेची ही पद्धत कोणत्याही गावात वापरता येते.

आधी माहिती अधिकारात हजेरीपट (कामावरच्या मजुरांची यादी), बिलं आणि मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंदवही) यांच्या प्रती मागा. कामाचं नाव, वर्ष नेमकं लिहा. ‘असं का केलं?’ विचारू नका. कायद्याने नोंदी मिळतात, खुलासे नाही, आणि अर्ज तिथेच अडतो. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, विषय एकच, मर्यादा १५० शब्द. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा.

मग घरोघर पडताळणी: यादीतलं कोण मयत, कोण बाहेरगावी, कोणाला मजुरी कमी मिळाली? सभेत एकेक नाव मोठ्याने वाचा. अधिकाऱ्यांनाही बोलवा. साक्ष देणाऱ्या मजुराला नंतर धमक्या येऊ शकतात; त्याला एकटं सोडू नका.