आण्णांची जावा, जुना नंबर आणि विंटेज नोंदणी

जुनी गाडी हातात आली की आपल्याकडं लोक पहिल्यांदा काय करतात तर पेंट मारायला नेतात. माझं सांगणं एवढंच की पेंटला हात लावायच्या आधी कपाटातलं आरसी बुक शोधा. ते मिळालं तर निम्मं काम झालं म्हणून समजा, कारण विंटेज नोंदणीत, म्हणजे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत, आधीच भारतात पासिंग झालेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतोय. आमच्या आण्णांची जावा मोटारसायकल १९६८ ची. त्या नंबरवरच अख्खी गल्ली आण्णांना ओळखायची, तो नंबर जाऊन दुसरा येणार म्हटल्यावर गाडी ठेवून तरी काय उपयोग.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा, गाडी रोज चालवायची आहे का जपायची आहे? हे दोन रस्ते वेगळे आहेत आणि बरेच जण इथंच चुकतात. रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला, मंडईला गाडी लागणार असेल तर विंटेजच्या नादाला लागू नका, साधं आरसी रिन्यूअल करा. त्याला फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांसाठी मुदत वाढून मिळते. पीयूसी पण लागते, २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे, कार्बोरेटर साफ असला आणि पेट्रोलात ऑईल मापात घातलं तर टू स्ट्रोक गाडी सुद्धा त्यात बसते.

विंटेज म्हणजे काय ते केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमात घातलं. दुचाकी किंवा चारचाकी, खाजगी वापराची, आणि पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षं झालेली. तारीख पहिल्या नोंदणीची धरतात हे नीट लक्षात ठेवा, कंपनीतून कधी बाहेर पडली ते नाही. म्हणजे म्हैसूरला १९६१ पासून बनायला लागलेल्या जावा आता बऱ्याच बसतात, जुन्या फियाट अकराशे, अँबॅसिडर, लँब्रेटा पण बसतात.

दुसरी अट जास्त महत्त्वाची, गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. आता आपलं कोल्हापूर म्हणजे उद्यमनगर, तिथं लेथवर काय बनत नाही ते विचारा. बुश पाहिजे, पिन पाहिजे, बंद झालेल्या गाडीचा एखादा गिअर पाहिजे, नमुना दाखवला की मिस्त्री मामा दोन दिवसात हातात ठेवतात. हे आपलं मोठं भाग्य आहे, पुण्या-मुंबईचे लोक यासाठी इकडं येतात. पण तीच सोय इथं अंगावर येऊ शकते. बोअर करून पिस्टन बदलला, बुश घातलं, केबली नव्या टाकल्या, ही दुरुस्ती झाली. फ्रेम कापून लांब केली, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, टाकी वेगळी घातली की मूळ रूप गेलं. आणि कुठल्याही परिस्थितीत चेसिस नंबरवर ग्राइंडर लावू देऊ नका, मिस्त्रीला गाडी देतानाच नंबरावर चिकटपट्टी लावून सांगा की मामा एवढ्या जागेला हात नाही लावायचा.

चेसिस नंबरचा ठसा घरीच आधी घेऊन बघा. आमच्या जावाचा हा नंबर फ्रेमवर, हँडलखाली स्टेअरिंग हेडवर आहे, पण त्यावर रंगाचे तीन थर, सगळ्यात वर चंदेरी, त्याखाली काळा, त्याखाली मूळचा मरून. एमरी पेपर नको, त्यानं आकडे पुसट होतात. थोडा पेंट रिमूव्हर कापसानं लावला, दहा मिनिटं थांबलो आणि जुन्या टूथब्रशनं हळूहळू काढत गेलो. मग बटर पेपर ताणून दोन्ही बाजूंनी सेलोटेपनं चिकटवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासली. एकेक आकडा पांढरा उमटत येतो ते बघायला फार बरं वाटतंय. आणि तिथंच कळलं की आरसी बुकात जिथं ८ लिहिलाय तिथं फ्रेमवर ३ आहे. शाईनं हातानं लिहिलेलं बुक, तेव्हा कुणाकडून तरी चुकलं असणार, पन्नास वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ही चूक पाहणीच्या दिवशी निघाली असती तर सगळं अडलं असतं. आधी कळल्यामुळं ठसा, फोटो आणि साधा दुरुस्तीचा अर्ज जोडून ते मार्गी लावता आलं.

कागदांचा दुसरा घोळ नावाचा. बहुतेक जुन्या गाड्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असतात आणि ते आता नसतात. आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्या, त्याला फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. बहिणींच्या सह्या सणाला सगळे जमतात तेव्हाच घेऊन ठेवा. बुक हरवलं असेल तर पोलिसात तक्रार देऊन फॉर्म २६ नं डुप्लिकेट काढा. आणि जुनं पासिंग ऑनलाइन दिसतच नसेल तर घाबरू नका, त्या काळची नोंद रजिस्टरात असते, ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्रीचं, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवायचं विचारा, बुक सोबत न्या. हे झाल्याशिवाय पुढचा ऑनलाइन अर्ज हलत नाही.

मला एका एजंटानं सांगितलं होतं की जुन्या नंबरच्या मागं कशाला लागताय, नवीनच घ्या, लवकर होतंय. ऐकू नका. नवीन नंबर म्हणजे एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे, तो ज्या गाडीची इथं आधी नोंदच नाही तिच्यासाठी आहे. तुमचा जुना नंबर हा त्या गाडीचा इतिहास आहे.

मुख्य अर्ज परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा, फी आणि जुनं आरसी, गाडी बाहेरून आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. विमा काढताना किंमत आपसात ठरते, म्हणून कंपनीला चारी बाजूंचे फोटो आणि खर्चाची बिलं दाखवा, नाहीतर भंगाराचा भाव लावतील. फी नव्या नोंदणीला २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं चालते, नंतरच्या फेरनोंदणीला ५,०००. राज्याची समिती गाडी बघते, सगळं जमलं तर ६० दिवसांत फॉर्म २३-ए मध्ये प्रमाणपत्र देण्याचा नियम आहे. पाहणीला गाडी धुऊन न्या, पण नंबराच्या जागी ग्रीस नको, आणि बिलांची फाईल तारखेप्रमाणं लावून हातात ठेवा, बघणाऱ्याला पटकन कळतं की माणसानं गाडी जपलीय.

नोंदणी झाल्यावर मात्र गाडी फक्त प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणायची. लग्नाला भाड्यानं देणं अजिबात नाही, धंद्याचा वापर बंद आहे. मला ही अट जाचक वाटत नाही. दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार कोल्हापूरच्या दसरा चौकात येते तेव्हा लोक लेकरांना खांद्यावर घेऊन बघतात, ती रोज रस्त्यावर दिसली असती तर एवढी टिकली असती का. पुढं कधी विकलीच तर विकणारा आणि घेणारा दोघांनी ९० दिवसांच्या आत आपापल्या परिवहन कार्यालयाला कळवायचं.

राहिली प्लेट. पूर्वी खाजगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असायची, आता पांढऱ्यावर काळी. रस्त्यावर काढताना आत्ताच्या नियमाची प्लेट लावा. जुनी पेंटरनं हातानं रंगवलेली पाटी फेकू नका, परत रंगवू पण नका. आण्णांची मी खोबरेल तेलाचा हात देऊन सोप्यात लावलीय, खालच्या कोपऱ्यात पेंटरचा ब्रश ओघळलेला आहे, तो पण तसाच ठेवलाय.