ट्रॅव्हल्सचे तिकीट काढण्यापूर्वी एसटीचे भाडे पाहावे

पुण्याहून नागपूर, लातूर किंवा अमरावतीकडे निघालेल्या प्रवाशाला एकाच रात्री सुटणाऱ्या अनेक गाड्यांमधून निवड करता येते आणि मोबाइलवर त्या सगळ्यांची भाडी एकाखाली एक दिसतात. मात्र दिवाळीच्या तोंडावर त्याच मार्गाचे भाडे दुप्पट-तिप्पट झाले, की ते वाजवी आहे की अवाजवी, हे कशावरून ठरवायचे याची माहिती फार थोड्यांना असते. महाराष्ट्रात यासाठी एक माप ठरलेले आहे आणि ते एसटीचे भाडे हे आहे. राज्य शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खाजगी कंत्राटी बसला, म्हणजे ट्रॅव्हल्सच्या गाडीला, एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या प्रतिकिलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक भाडे घेता येत नाही. गर्दीच्या हंगामासाठीच ही मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे.

म्हणून तिकीट कोणत्याही कंपनीचे काढायचे असले, तरी सुरुवात एसटी महामंडळाच्या आरक्षणाच्या संकेतस्थळापासून किंवा अ‍ॅपपासून करावी. प्रवासाची तारीख टाकून साधी, शिवशाही, शिवनेरी, शयनयान यांपैकी आपल्याला हव्या असलेल्या गाडीचे भाडे लिहून घ्यावे आणि तुलना सारख्या गाडीशीच करावी, कारण वातानुकूलित स्लीपरचे भाडे साध्या लालपरीच्या भाड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. समजा, एखाद्या अंतरासाठी एसटीच्या शयनयान गाडीला ९०० रुपये पडत असतील, तर तशाच खाजगी गाडीचे भाडे १,३५० रुपयांच्या आत असायला हवे. पडद्यावर २,५०० रुपये दिसत असतील, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे होतो.

या टप्प्यावर सवलतींचाही हिशेब करावा. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मी सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी एकत्र निघाल्या, तर खाजगी कंपनीची ‘तीनशे रुपये सूट’ त्यापुढे टिकत नाही. अ‍ॅपवरची सूट पाहताना खोडलेल्या आकड्याकडे लक्षच देऊ नये. सुविधा शुल्क, कर आणि आपोआप निवडला गेलेला विमा धरून शेवटी जी रक्कम भरावी लागते, तिचीच तुलना करावी.

स्पर्धेचा लाभ प्रवाशाला मिळतो, हे मान्य करायलाच हवे. मुंबई–पुणे मार्गावर शिवनेरीसमोर खाजगी वातानुकूलित गाड्या उभ्या आहेत, मुंबई–पणजी मार्गावर गोव्याच्या कदंब महामंडळाचाही पर्याय आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी स्लीपरचे तिकीट बरेच स्वस्त मिळू शकते. पण ही स्पर्धा सगळीकडे नाही आणि ती समान पायावरचीही नाही. एसटीकडे टप्पा वाहतुकीचा परवाना असल्याने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दराने, गाडी अर्धी रिकामी असली तरी तिला सुटावे लागते आणि वाटेतल्या थांब्यांवर थांबावेही लागते. कंत्राटी परवान्यावरची ट्रॅव्हल्स मात्र जिथे आणि ज्या रात्री प्रवासी आहेत तिथे धावते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा ज्या तालुक्यांत दुसरी गाडीच नव्हती तिथले विद्यार्थी आणि रुग्ण अक्षरशः अडकून पडले. त्यामुळे भाडे आणि वेळ जवळपास सारखी असेल, तर एसटीला प्राधान्य द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. समोर एसटी उभी असते, तोवरच खाजगी भाड्यालाही लगाम राहतो.

खाजगी गाडी निवडल्यास तिकिटावरील गाडी सुटण्याच्या वेळेपेक्षा आपल्या बोर्डिंग पॉइंटची वेळ आधी पाहावी. पुण्यात पद्मावतीहून भरत निघालेली गाडी संगमवाडी, वाकड असे करत शहराबाहेर पडेपर्यंत कितीतरी वेळ जातो आणि तो वेळ प्रवासाच्या तासांत धरलेला असतोच असे नाही. मार्गावरच्या शेवटच्या बोर्डिंग पॉइंटवर स्वतः जाणे शक्य असेल, तर तोच निवडावा. मात्र रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीने उड्डाणपुलाखालचा थांबा टाळून दिवे आणि वर्दळ असलेले कार्यालय निवडावे, भले गाडीत तासभर जास्त बसावे लागले तरी चालेल. उतरण्याचे ठिकाणही याच काळजीने ठरवावे. ‘बायपासला सोडतो’ याचा अर्थ पहाटे चार वाजता गावापासून काही किलोमीटर दूर, असा होऊ शकतो.

गाडीचा क्रमांक साधारणतः सुटण्यापूर्वी काही तास संदेशाने येतो. तो केंद्र शासनाच्या ‘एम-परिवहन’ अ‍ॅपमध्ये टाकल्यास योग्यता प्रमाणपत्राची (फिटनेस) आणि विम्याची मुदत दिसते. हे दोन मिनिटांचे काम कधीही टाळू नये. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा जीव गेला. दरवाज्याची बाजू खाली गेल्याने वाट बंद झाली होती आणि काहीजण काच फोडून बाहेर पडले म्हणून वाचले. त्यामुळे बर्थवर सामान टाकण्याआधी संकटकालीन खिडकी किंवा दार कुठे आहे, ते मालाच्या खोक्यांनी अडवलेले तर नाही ना, आणि काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, हे पाहून घ्यावे. हातोडी नसेल तर ती मागावी. लांबच्या रात्रीच्या प्रवासात दुसरा चालक आहे का, हेही विचारावे. भाडे शंभर रुपयांनी कमी ठेवण्यासाठी काटकसर कुठे झाली, याचे उत्तर पुष्कळदा याच ठिकाणी सापडते.

सांगितली वातानुकूलित आणि आली साधी गाडी, किंवा दोन गाड्यांचे प्रवासी एकीतच कोंबले, असे घडल्यास क्लीनरशी वाद घालण्यात शक्ती घालवू नये. गाडीचा, तिच्या क्रमांकाचा आणि आपल्या आसनाचा फोटो काढून ज्या अ‍ॅपवरून तिकीट काढले तिथे त्याच क्षणी तक्रार नोंदवावी आणि भाड्यातील फरक लेखी मागावा. जादा भाड्याची तक्रार प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे करावी. तिच्यासोबत तिकीट, गाडीचा क्रमांक, भाड्याचा स्क्रीनशॉट आणि त्याच तारखेचे एसटीचे भाडे जोडावे. एसटीचे भाडे जोडल्याने दीडपटीची मर्यादा कुठे ओलांडली हे कागदावरच दिसते. परतावा अडवून ठेवला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत मूळ तिकीट मोबाइलमधून पुसू नये.