दिंडोरीच्या लढाईचे पंचवीस बारगीर रंगवताना

दात कधीच पांढरा नसतो. अठरा वर्षं मी नाशिकच्या एका डेंटल लॅबमध्ये कॅप बनवतेय, आणि नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच दाखवते. हिरडीकडे दात पिवळसर, मध्ये दुधाळ, टोकाशी किंचित निळसर. टेबलावरच्या खेळासाठी छोट्या आकृत्यांचं सैन्य रंगवायला बसले तेव्हा हाच डोळा कामाला आला. सतराव्या शतकातल्या स्वाराची बंडी ट्यूबमधल्या कोऱ्या पांढऱ्याने रंगवली, की तो स्वार लगेच प्लॅस्टिकचा दिसायला लागतो.

सुरुवात मामेभावामुळे झाली. तो आणि त्याचे मित्र रविवारी टेबलावर जुन्या लढाया खेळतात, फासे टाकून, टेपने अंतर मोजून. त्याला मराठ्यांचं घोडदळ हवं होतं. "ताई, तुझा हात स्थिर आहे, तूच बघ," म्हणाला. लढाई मात्र मी निवडली, वणी-दिंडोरीची, कारण माझं माहेर वणीचं. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन परतत असताना मुघल सरदार दाऊदखान कुरेशीने त्यांना आमच्या भागात गाठलं. उघड्या मैदानावर लढाई झाली आणि मराठ्यांनी ती जिंकली.

किती आकृत्या करायच्या, हे मी सभासदाच्या बखरीवरून, म्हणजे महाराजांच्या जुन्या चरित्रावरून ठरवलं. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी (कातडी पखालीतून पाणी वाहणारा), एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). तेवढीच तुकडी करा. एकूण अठ्ठावीस जण होतात, डोळ्यांना ती तुकडी वाटते आणि दोन महिन्यांत हातावेगळी होते. मला पखालजी कुठे मिळाला नाही. मग एक साधा बैल घेतला, त्याच्या पाठीवर एम-सीलची पखाल थापली आणि ओली असतानाच सुईने शिवण ओढली. संपूर्ण तुकडीत माझा सर्वांत आवडता तोच आहे.

आकृती धातूची असो वा रेझिनची, आधी भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन घ्या. साच्याची रेघ कानसून काढा. मग प्रायमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायचा हात. इथे माझे बारा घोडे वाया गेले. ऐन आषाढात गॅलरीत स्प्रे मारला आणि दमट हवेने सगळ्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर चढला. पावसाळ्यात प्रायमर ब्रशने लावा, पातळ, दोन हात. उलट एप्रिल-मेमध्ये रंग पॅलेटवरच सुकतो. त्यासाठी स्टीलच्या पसरट डब्यात ओला टिश्यू घाला, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो.

आता कपडे. माझा निम्मा वेळ इथेच जातो आणि तुमचाही जावा.

त्या काळी गणवेश नव्हता. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचं घेऊन येई, पण अंगावरचं कापड ज्याचं त्याचं. म्हणून पंचवीस मुंडाशी एकाच भगव्यात रंगवू नका. कुठले रंग वापरायचे ते त्या वेळच्या रंगाऱ्याकडे काय होतं यावरून ठरवा. नीळ होती. मंजिष्ठा आणि आल होती, म्हणजे विटकरीकडे झुकणारा लाल. हळद होती. कुसुंबा, म्हणजे करडईच्या फुलांचा रंग होता, पण त्याची लाली उन्हात आणि धुण्यात भराभर उतरते. हिरवा हवा असेल तर निळीवर हळद चढवायची, आणि हळद उन्हाला टिकत नाही, म्हणून जुना हिरवा हळूहळू निळा दिसू लागतो. माझ्या तुकडीत एका म्हाताऱ्या स्वाराचा शेला असा आहे, घड्यांच्या आत हिरवा आणि बाहेर निळसर. भडक जांभळा मात्र डब्यातच ठेवा. पहिला रासायनिक जांभळा १८५६ मध्ये निघाला.

उतरलेला रंग कसा दिसतो ते नाशिककरांना सांगायला नको. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारलेला सदरा आठवा. त्या दिवशी तो नुसता पेटलेला असतो. तीन-चार धुण्यांनंतर खांद्यावरचा रंग जातो, शिवणीत आणि काखेत राहतो. भावाचा असा एक सदरा मी अजून टेबलाशेजारी टांगून ठेवलाय. स्वाराच्या कपड्यावरही तसंच करा. घड्यांच्या खोलात गडद रंग, आणि खांदे, गुडघे, पाठ इथे तोच रंग फिका करून.

पांढऱ्यासाठी मी आधी रॉ अंबरमध्ये पांढरा मिसळून गोणपाटासारखा रंग लावते. त्यावर पांढऱ्यात यलो ऑकरचा थेंब घालून दुसरा हात, घड्या सोडून. शेवटी अगदी वरच्या कडांना जवळजवळ पांढरा. निळीसाठी दोन भाग प्रशियन ब्लू, एक भाग बर्न्ट अंबर. साधे कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक या सगळ्याला पुरतात, फक्त पाणी घालून दुधाइतके पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्या.

कातडीला बर्न्ट सिएनात थोडा अंबर. उजळ करताना पांढरा घालू नका, चेहरा राखाडी पडतो. यलो ऑकर घाला, आणि नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर, बोटांच्या पेरांवर एवढंच लावा. डोळ्यांची बुबुळं काढत बसायची गरज नाही. उन्हात घोड्यावर बसलेला माणूस डोळे बारीकच करतो, एक गडद रेघ पुरते.

घोडे भीमथडीचे, म्हणजे आटोपशीर बांध्याचे. तुम्ही घेतलेला घोडा थोराड वाटला तर तो मुघलांकडे द्या. तुकडीत कुमैत सर्वांत जास्त करा, दोन-तीन करडे, एखादा अबलख (पांढऱ्या पट्ट्यांचा), आणि हवालदाराला पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं). कुमैतासाठी विटकरी तपकिरी अंग, त्यावर काळपट वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, आणि वॉश ओला असतानाच पोट व मांड्यांच्या फुगीर भागावरून कापसाने पुसून घ्या. स्नायू आपोआप उठतात. आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. बारगिरांची खोगिरं मी एकाच तपकिरीत ठेवते, सरकारी म्हणून. शिलेदार केले तर प्रत्येकाचं खोगीर त्याच्या ऐपतीप्रमाणे.

हत्यारांच्या पोलादात चंदेरीबरोबर काळा मिसळा आणि निव्वळ चंदेरी धोप तलवारीच्या धारेवर केसाएवढा ओढा. पितळेसाठी तांबट लेनमध्ये एक फेरी मारा. दुकानातल्या नव्या घागरीकडे बघू नका, मोडीत आलेल्या घागरीकडे बघा. सांध्यात जवळजवळ काळी, फुगवट्यावर तपकिरी, आणि जिथे हात लागतो तिथेच सोनेरी. दांडपट्ट्याच्या खोबळ्याला, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीला पितळ द्यायचं असेल तर ते असंच द्या.

तोड्याच्या बंदुकीचा तोडा बहुतेक जण विसरतात. ती वात म्हणजे पेटती दोरी. आधी दोरी मळक्या सुती रंगात. टोकाचा एक मिलिमीटर काळा. त्याच्या पुढे सुईच्या अग्राने राखाडी ठिपका, म्हणजे राख, आणि राखेच्या मध्यभागी नारिंगी. हे मी भिंगाखाली करते, श्वास रोखून. टेबलावर हातभर अंतरावरूनही ती ठिणगी दिसते. ढाल कातड्याची, तिला काळपट तपकिरी रंग आणि चार फुलं पितळी. पूर्ण आकृतीला मॅट व्हार्निश दिल्यावर फक्त ढालीवर ग्लॉस फिरवा.

निशाणासाठी औषधाच्या पाकिटातला फॉइल दोन्ही बाजूंनी कागद चिकटवून घ्या, रंगवा आणि मग वाऱ्याला वळवा. भगवा गेरूच्या जवळचा ठेवा.

समोरच्या मुघल स्वारांचं काम वेगळं आहे. जामा, पायजमा, वर जिरहबख्तर (कड्यांचं चिलखत), सरदाराला त्यावर चिलखताचे चार पत्रे. मुघल चित्रांत मुसलमान सरदाराच्या जाम्याची गाठ उजव्या बगलेकडे आणि हिंदूची डावीकडे दिसते. दाऊदखानाच्या फौजेत रजपूत स्वार ठेवणार असाल तर ही गाठ नीट बघून काढा.

शेवटी पायाखालची जमीन. इथे आधी लढाईचा महिना बघा. ऑक्टोबर म्हणजे पाऊस नुकताच ओसरलेला, गवत बुंध्याशी हिरवं आणि शेंड्याला पिवळं. साल्हेरची लढाई १६७२ च्या सुरुवातीची, तिला वाळकं गवत लागेल. मी दिंडोरी रस्त्यालगतची काळी माती आणली, चहाच्या गाळणीने चाळली, तव्यावर भाजली आणि फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून बेसवर बसवली. भाजायला विसरू नका, नाहीतर महिन्याभरात तिच्यातून काहीतरी उगवतं. द्राक्षाचा घड खाऊन झाला की देठांचा सांगाडा फेकू नका. आठ दिवस सावलीत वाळवला की त्याचं छान बोडकं झाड होतं. बेसच्या कडेला मातीचाच रंग द्या, आणि तीच माती फिक्या रंगात घोड्यांच्या खुरांवर, पोटाखाली आणि स्वारांच्या पावलांवर ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उडवा.

बेसखाली छोटी चुंबकं चिकटवलीत तर सगळी तुकडी चुंबक धरणाऱ्या स्टीलच्या डब्यात उभीच राहते. माझी दोनदा वणीपर्यंत जाऊन आली, एकही भाला वाकला नाही. मांडताना पखालजीचा बैल शेवटच्या रांगेमागे, ओढ्याच्या बाजूला ठेवा. नालबंद त्याच्या शेजारी.