ग्रामपंचायतीत आरोग्याचं काम करायचंय? आधी टीसीएलचं पोतं बघा

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झाल्यावर मराठवाड्यातल्या एका तालुक्यात एका संस्थेच्या आरोग्य प्रकल्पावर रुजू झाले. माझ्या पिशवीत हात धुण्याच्या पायऱ्यांचा रंगीत फ्लिपचार्ट होता. पहिले दोन महिने मी तोच उलगडत अंगणवाड्या पालथ्या घातल्या. बायका ऐकायच्या, चहा द्यायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा ऐकायच्या. जुलैत एका गावात जुलाब सुरू झाले तेव्हा उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका ताई मला म्हणाल्या, "मॅडम, चार्ट राहू द्या. टाकीत पावडर पडते का ते बघा."

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आज हेच सांगते.

पावडर म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. पंचायतीच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली, तोंड उघडं टाकलेलं पोतं होतं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ऊन, ओल आणि हवा लागली की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर निर्जंतुकीकरणाच्या कामाची नाही. त्या पोत्याला तर वासही उरला नव्हता. पाणी सोडणारे मामा प्रामाणिकपणे रोज मूठभर टाकत होते. जास्त का नाही, विचारलं तर म्हणाले, "पाणी उग्र लागतं म्हणून लोक दारात येऊन शिव्या देतात. तुम्ही खाणार का शिव्या?"

हिशोब अवघड नाही. १,००० लिटरला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि तासभर थांबून मगच पाणी सोडायचं. हा शेवटचा तास कुणी पाळत नाही, कारण पाणी लाइट आल्यावर सुटतं आणि लाइट आपल्या हातात नसते. मग ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करायची. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ही तपासणी टाकीखालच्या नळावर करून वहीत 'आढळले' असं लिहायची पद्धत जागोजागी दिसते. तुम्ही पाइपलाइनच्या शेवटच्या घरी जा. तिथे किमान ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालं तर गावाचं पाणी ठीक म्हणा. आमच्या गावात टाकीपाशी रंग यायचा आणि शेवटच्या वस्तीवर पाणी काचेसारखं बिनरंगीच राहायचं, म्हणजे क्लोरीन नाही. जुलाब त्याच वस्तीत होते. वाटेत गटारातून गेलेला पाइप फुटलेला होता.

आता कायद्याचं थोडं, कारण मुलाखतीतही हे विचारतात. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत आणि त्यात आरोग्य व स्वच्छता तेविसावा. हे वाचून मला वाटलं होतं की सरपंच डॉक्टरला जाब विचारू शकतो. प्रत्यक्षात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतं. तिथल्या माणसांच्या रजा, बदल्या, पगार यांपैकी काहीच गावाच्या हातात नसतं. पंचायतीच्या हातात काय असतं? पाणी, गटारं, कचरा, अंगणवाडीची दुरुस्ती आणि ग्रामसभा. हे थोडं वाटतं, पण जुलाब आणि डेंग्यू इथूनच अडवता येतात. म्हणून शिबिरांच्या फोटोंपेक्षा या पाच गोष्टींमागे लागा, असं माझं मत आहे. शिबिर दुपारी संपतं, गटार तिथेच राहतं.

पैशाच्या वाटा चार-पाच आहेत. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावपातळीवर समिती आली. तिचं आजचं लांबलचक नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी (गरजेप्रमाणे खर्चता येणारा) ठरला होता. रक्कम छोटी, पण क्लोरीन तपासायचं साहित्य किंवा गरोदर बाईला तातडीने हलवायची गाडी यासाठी तीच उपयोगी पडते. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. पेसा गावांना (अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या, पेसा कायदा लागू असलेल्या) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिली होती. आयोग बदलला की प्रमाण बदलतं, त्यामुळे चालू वर्षाचं ग्रामसेवकांना विचारून घ्या. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. गावात अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेबच म्हणतात.)

पण पैसा आहे म्हणून काम होत नाही. काम आराखड्यात असावं लागतं. 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास सुरू होते. फुटक्या पाइपचा विषय मी जानेवारीत घेऊन गेले तेव्हा ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." चुकीच्या महिन्यात बरोबर मागणी केली होती. नंतर तोच पाइप किरकोळ दुरुस्तीत बसवला, पण त्यासाठी मासिक सभेत ठराव लागला. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. आधल्या संध्याकाळी दोन सदस्यांच्या घरी जाऊन बसा, त्यांना शेवटच्या नळाचं पाणी दाखवा. सभेत 'आयत्या वेळचे विषय' म्हणून आलेली गोष्ट बहुधा चहाबरोबर विरून जाते. आणि इतिवृत्त लिहून होईपर्यंत उठू नका. मी एकदा लवकर उठले. ठरावात 'पाइप बदलणे'ऐवजी 'पाहणी करणे' लिहिलं गेलं.

माझी याहून मोठी चूक वेगळीच होती. पोत्याचा फोटो काढून मी सरळ तालुक्याला पाठवला. कुणाला विचारलं नाही. त्यावरून नोटीस निघाली ती मामांच्या नावाने, ज्यांना महिनोन्महिने मानधन नव्हतं. पुढचे तीन महिने मला पंचायतीत एकही रजिस्टर कुणी दाखवलं नाही. मामा तर रस्ता बदलायचे. तक्रार करावी लागतेच, पण आधी ग्रामसेवकांना, मग गटविकास अधिकाऱ्यांना, आणि लेखी. पोचपावती घेऊन.

नोकऱ्यांचं विचाराल तर संस्थांचे प्रकल्प, आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, पाणी-स्वच्छतेच्या जिल्हा कक्षातली सल्लागार पदं, असं फिरत राहावं लागतं. बहुतेक ठिकाणी करार अकरा महिन्यांचा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) केलंत तर चांगलंच, पण माझ्या पाहण्यात मुलाखतीत टिकलेली मुलं ती, ज्यांनी एका तरी गावाचं पासबुक, आराखडा आणि टीसीएलची वही शेजारी ठेवून वाचली होती. वहीत पोतं संपल्याची तारीख आणि पासबुकात खरेदीची तारीख यांत दोन महिन्यांचं अंतर दिसलं, की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

मामांशी माझं नंतर जुळलं. त्यासाठी मी त्यांच्या थकलेल्या मानधनाचा अर्ज लिहून दिला आणि सलग आठवडाभर पहाटे त्यांच्यासोबत टाकीवर चढले. आता ते पावडर झाकणाच्या डब्यात ठेवतात. शेवटच्या नळावर रंग आला नाही तर मला मिस्ड कॉल देतात.